निर्णय माझाच होता, तरीही

"घटस्फोट तुम्हालाच हवा होता ना, मग एवढा त्रास का झाला?" ओळखीतल्या बायका मला हे विचारतात. विचारताना आवाज खाली येतो, त्यावरून कळतं की विचारणारी स्वतःसाठी विचारते आहे. म्हणून नीट सांगते.

हो, मलाच हवा होता. ११ वर्षांचा संसार. मारहाण नाही, व्यसन नाही. बोलणं तेवढं दूध, वीजबिल आणि गाडीच्या सर्व्हिसिंगवर येऊन थांबलं होतं, आणि मी घरात असूनही कुणाच्या लेखी नव्हते. दीड वर्ष वेगळे राहिलो आणि २०२३ साली पुण्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटाची केस, टाकली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब प्रमाणे वर्षभर वेगळं राहिल्यावर दोघांना मिळून अर्ज करता येतो, आणि पुढे दुसऱ्या तारखेसाठी किमान ६ महिने थांबावं लागतं. हे ६ महिने न्यायाधीश माफ करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "तसा अर्ज देऊ, लवकर मोकळ्या व्हाल." नवराही तयार होता. मीच नको म्हटलं. कारण तेव्हा सांगता आलं नाही. घरातलं माणूस गेलं तरी लांबची माणसं पोचेपर्यंत थांबतात, घाईने उचलत नाहीत. मला तसंच काहीसं वाटत होतं.

त्या ६ महिन्यांतली एक संध्याकाळ सांगते. कर्वे रस्त्यावर स्कूटर बंद पडली, पाऊस, मोबाइलचं चार्जिंग संपलेलं. एका स्टेशनरीवाल्या काकांनी त्यांचा फोन पुढे केला, "घरी लावा कुणाला तरी." मी आकडे दाबायला लागले आणि सातव्या आकड्यावर थांबले. मला पाठ असलेला एकमेव नंबर त्याचा होता. आईचा नाही, भावाचा नाही. फोन परत दिला, गाडी तिथेच लावली आणि भिजत चालत घरी आले. इतकी रडले त्या दिवशी, की निर्णयच चुकला की काय असं वाटायला लागलं. निर्णय चुकला नव्हता. पण नवरा नको झाला म्हणून त्याचा नंबर बोटांतून जात नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून भावाचा नंबर रोज वहीत लिहून पाठ केला, शाळेत पाढे करायचो तसा.

झोप उडाली होती. एका रात्री दोन वाजता १४४१६ ला फोन लावला. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना भेटा म्हणाल्या. मी भेटले, काही महिने गोळ्या घेतल्या. यात लाजण्यासारखं काही नाही, तुम्हीही लाजू नका.

ऑर्डर झाली त्या दिवशी कोर्टात फार वेळ लागला नाही. बाहेर पडताना तो म्हणाला, "जपून जा." तेवढंच. घरी आले तर फोनवर मेसेज येत होते. मैत्रिणी म्हणत होत्या, सुटलीस, पार्टी कधी. आई म्हणाली, झालं ते बरं झालं. सगळ्यांचं प्रेमच होतं, पण त्या प्रत्येक शब्दागणिक मला रडायची चोरी होत गेली. ज्याच्यातून आपण सुटलो, त्याच्यासाठी रडायचं कसं?

रात्री आठला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. हातात स्टीलचा डबा. "आज गॅस पेटवू नकोस," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. डबा उघडला. पिठलं-भात होता.

आमच्याकडे मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात. काकूंनी माझ्या घरी तो आणला. या घरातून काहीतरी गेलंय, हे ओळखणारं त्या दिवसात ते एकच माणूस निघालं. ओट्याशी उभी राहून मी सगळा भात खाल्ला. रडतही होते आणि खातही होते. किती दिवसांनी पोटभर जेवले होते.

तुमच्या ओळखीत कुणाचं असं झालं, तर तिला "सुटलीस" म्हणू नका. डबा न्या.

तो डबा माझ्याकडे चार महिने राहिला. रिकामा परत द्यायचा नाही आणि आत घालण्याजोगं काही करायला हात उचलत नव्हता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळाचे लाडू वळले, बोटं भाजली, पण वळले. डबा भरून खाली गेले. काकूंनी झाकण काढलं, एक लाडू तिथेच तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "ये आत. चहा टाकते."