मार्क ओलांडणारा आयरिश मुलगा

मेलबर्नच्या डॉकलँड्समधल्या ऑफिसला जाताना मी बरेचदा यारा नदीकाठच्या एका पुलावरून चालत जाते. फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी असलेला पूल. नाव जिम स्टाइन्स पूल. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, असेल कुणी मंत्री नाहीतर इंजिनिअर. तो फुटबॉलर होता हे कळलं ते आमच्या मुलाच्या एका चुकीमुळे.

इथे फुटबॉल म्हणजे 'फुटी'. आपल्याला एमसीजी म्हटलं की बॉक्सिंग डे टेस्ट आठवते, किंवा 2022 मध्ये पाकिस्तानविरुद्ध कोहली खेळला ती रात्र. पण मेलबर्नकरांसाठी ते मैदान हिवाळाभर फुटीचं असतं. या खेळाचे पहिले नियम 1859 मध्ये याच शहरात लिहिले गेले आणि पुढे तो क्रिकेटच्या मैदानांवरच रुजला. म्हणून मैदान लंबगोल आणि चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा गडी. दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडला की 6 गुण, त्यांच्या शेजारच्या बुटक्या खांबांमधून गेला तर 1. हातातला चेंडू फेकायचा नाही, मुठीनं ठोसा मारून द्यायचा. आणि सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे मार्क. लांबून लाथाडलेला चेंडू हवेत झेलला की खेळ तिथं थांबतो, आणि झेलणाऱ्याला निवांत किक मारायला मिळते. समोरच्या संघाचा एक जण झेल घेतलेल्या जागेवर उभा राहू शकतो, त्या जागेलाही मार्कच म्हणतात, पण त्याच्या पुढे यायचं नाही.

आमचा मुलगा नेमका पुढे गेला. शनिवारची सकाळ, दवानं चिंब गवत, लाल चेंडू, आणि हा पठ्ठ्या मित्राच्या मागे धावत किक मारणाऱ्याच्या समोरून आरपार. शिट्टी वाजली. त्याला काय चुकलं ते कळेना, रडकुंडीला आला. मला मात्र चटकन समजलं. सांगलीला शाळेत मी खो-खो खेळायचे. पाठलाग करताना एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत उलटं फिरायचं नाही. गडी हाताच्या अंतरावर दिसत असतो, पाय वळू पाहतात, आणि वळलं की फाऊल. अंगात भिनलेलं धावणं आणि नियम यांची ती ओढाताण मला ठाऊक होती.

मुलांना खेळवायला येणारे एक आजोबा आहेत. मेलबर्न क्लबचा लाल-निळा मफलर त्यांच्या गळ्यात कायम. त्यांनी मुलाला जवळ घेतलं आणि म्हणाले, "हीच चूक जिम स्टाइन्सनं केली होती. आणि बघ, तो कोण झाला."

मग मी वाचत गेले, आजोबांकडून ऐकत गेले.

जिम डब्लिनचा, सहा भावंडांतला थोरला. 1984 मध्ये डब्लिनच्या कुमार संघातून गेलिक फुटबॉलचं, म्हणजे तिथल्या देशी फुटबॉलचं, आयर्लंडचं विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी, अठराव्या वर्षी, मेलबर्नला आला. इथल्या क्लबनं आयर्लंडमधली पोरं आणून त्यांना फुटी शिकवायचं ठरवलं होतं. गेलिकचा चेंडू गोल. इथला लंबगोल, टप्पा पडला की कुठे उसळेल सांगता येत नाही. मुलासोबत अंगणात मी तो लाथाडून पाहिला आहे. हातातून जरा तिरका सुटला की पायाला लागून भलतीकडेच जातो. लहानपणापासून येत असलेली गोष्ट विसाव्या वर्षाच्या आसपास पुन्हा पहिल्यापासून शिकायची, तीही घरापासून इतक्या लांब. परदेशात येऊन नव्यानं नोकरीला लागलेल्या कुणालाही विचारा.

1987 मध्ये तो मुख्य संघात आला. मेलबर्न 1964 नंतर प्रथमच बाद फेरीत पोचलं होतं. हॉथॉर्नविरुद्धची लढत जिंकली की थेट अंतिम सामना. शेवटचे काही क्षण, मेलबर्न 4 गुणांनी पुढे, आणि हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला किक मिळालेली, पण खूप लांबून. तेवढ्यात जिम त्याच्या समोरून, मार्क ओलांडून धावत गेला. दंड 15 मीटरचा. बकनारा तेवढा पुढे सरकला आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजून गेल्यावर किक मारून गोल केला. मेलबर्न 2 गुणांनी हरलं. तेवीस वर्षं वाट पाहिलेली माणसं स्टँडमध्ये रडत होती. आजोबा त्यांच्यातले एक.

त्या जागी मी असते तर पहिल्या विमानानं घरी गेले असते, असं मी आजोबांना म्हणाले. ते म्हणाले, "तो गेला नाही, हेच तर आहे."

तो खेळत राहिला, आणि कसा! साडेसहा फुटांचा हा गडी रक्मन होता, म्हणजे त्या काळी अंपायर चेंडू आपटून उंच उडवायचे, त्यावर झेपावणारा. दर आठवड्याला तेवढ्याच धिप्पाड माणसाशी अंगानं अंग भिडवायचं काम. अशा जागी खेळून जिमनं 1987 पासून 1998 पर्यंत सलग 244 सामने एकही न चुकवता पुरे केले. तो विक्रमच ठरला. 1991 मध्ये ब्राउनलो पदक मिळालं, सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं. प्रत्येक सामन्यानंतर अंपायर तीन उत्तम खेळाडूंना 3, 2, 1 असे गुण देतात, आणि सीझन संपेपर्यंत त्याचा पत्ता कुणाला लागत नाही. पदक जाहीर होतं ते त्या बेरजेवर.

पुढचं आयुष्य मला खेळाइतकंच मोठं वाटतं. खेळत असतानाच, 1994 मध्ये त्यानं एका मित्रासोबत अडचणीतल्या किशोरवयीन मुलांसाठी रीच ही संस्था काढली. 2008 मध्ये त्याच क्लबचा अध्यक्ष झाला. क्लब कर्जात बुडालेला होता. पुढच्याच वर्षी कॅन्सर निघाला. उपचार चालू असतानाही तो काम करत राहिला आणि क्लब कर्जातून बाहेर आला. 20 मार्च 2012 ला तो गेला, वय 45. सेंट पॉल्स कथीड्रलमधून शासकीय इतमामात निरोप दिला गेला. आयर्लंडहून आलेल्या पोराला!

मेलबर्ननं अखेर 2021 मध्ये विजेतेपद जिंकलं, 57 वर्षांनी. तेव्हा आमचं शहर लॉकडाऊनमध्ये होतं, म्हणून अंतिम सामना पर्थला झाला. आजोबांनी तो घरी एकट्यानं पाहिला. भोंगा वाजल्यावर मिठी मारायला कुणी नव्हतं. ते अंगणात गेले, मफलर कुंपणाला बांधला आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. "जिम हवा होता," एवढंच मला म्हणाले.

मागच्या रविवारी मुलाला घेऊन पुलावर गेले. त्यानं पाटीवरचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. मग कठड्याशी दोन्ही हात वर करून, पाय घट्ट रोवून, मार्कवर उभा राहिला. मागून सायकलवाले घंटी वाजवत होते, तरी जागचा हलेना.