तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फच्या हायब्रिडचं सेटिंग कोणतं ठेवू?

हायब्रिड म्हणजे आयर्न (पातळ धातूच्या हेडचा क्लब) आणि वूड (मोठ्या गोलसर हेडचा, लांब मारायचा क्लब) यांच्या मधला क्लब, म्हणजे गोल्फची काठी. ॲडजस्टेबल म्हणजे मानेतला स्क्रू सोडून हेडचा कोन बदलता येणारा. प्रश्न साधारण असा येतो: "ॲडजस्टेबल हायब्रिड घ्यायचा म्हणतोय. कितीचा घेऊ, आणि माझ्या स्विंगला सेटिंग कोणतं?" विचारणारे ठाण्याहून, वाशीहून खारघरच्या सिडकोच्या गोल्फ कोर्सवर येणारे असतात. बरेच जण क्लब आधीच घेऊन झालेले असतात, हातात पाना असतो आणि स्क्रू दोनचार वेळा फिरवूनही झालेला असतो. थोडक्यात उत्तर हवं असेल तर लॉफ्ट (फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, किती मागे झुकलेली आहे तो कोन) आणि शाफ्ट (दांडा) नीट निवडा, सेटिंगचा नंबर त्यानंतर. चुकीच्या लॉफ्टचं हेड आणि हलका शाफ्ट घेऊन स्लीव्ह कितीही फिरवली तरी हाती काही लागत नाही.

आधी ती स्लीव्ह काय करते ते पाहू. हेडच्या मानेत, म्हणजे होझलमध्ये, शाफ्टच्या टोकाला चिकटवलेली ॲल्युमिनियमची नळी बसते. तिचं भोक सरळ पाडलेलं नसतं, साधारण एक ते दीड अंश तिरकं असतं. नळी फिरवली की हा तिरकेपणा वेगळ्या दिशेला जातो आणि हेड शाफ्टच्या मानाने त्या बाजूला कलतं. पुढे-मागे कललं तर लॉफ्ट आणि फेसची दिशा बदलते, आत-बाहेर कललं तर लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी कोन. मधल्या खुणांवर दोन्हींचं मिश्रण होतं. टायटलिस्ट कंपनीच्या शुअरफिटसारख्या रचनेत दोन कड्या असतात, एकीवर अक्षरं आणि दुसरीवर आकडे, त्यामुळे लॉफ्ट आणि लाय वेगवेगळे हलवता येतात. एकूण १६ जोड्या, आणि मूळ जागा ए-१. एकाच स्लीव्हच्या रचनेत लॉफ्टला हात लावला की फेसही हलतो.

हायब्रिडच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लॉफ्ट वाढवला आणि क्लब जमिनीवर त्याच्या मनाप्रमाणे टेकू दिला, तर फेस बंद दिसतो, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डावीकडे वळलेला. लॉफ्ट कमी केला की फेस उघडतो. हाताने फेस सरळ धरला तर मात्र लॉफ्ट खरोखर वाढतो किंवा घटतो. एकाच सेटिंगवर दोन जणांना दोन वेगळे परिणाम दिसतात ते यामुळे: एक जण फेस टेकेल तसा ठेवतो, दुसरा मनगटाने सरळ करतो. बदल करण्याआधी आपण यातले कोण, ते आरशासमोर पाहून घ्या.

आता लॉफ्ट. हायब्रिडवरचा ३, ४, ५ हा आकडा विसरा. एका कंपनीचा ४ नंबर २१ अंशांचा, दुसरीचा २३ चा. आयर्नचंही तेच आहे, आजच्या काही सेटमधली ५ नंबरची आयर्न २२-२३ अंशांची असते आणि जुन्या सेटमधली २७ ची. म्हणून अंश पाहा. आपल्या बॅगेतल्या आयर्न एकेक करून रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मारा आणि चेंडू हवेत किती गेला एवढंच मोजा. घरंगळत गेलेलं अंतर सोडून द्या. ज्या आयर्नपासून पुढे अंतर वाढणं जवळजवळ थांबतं, म्हणजे ६ नंबर आणि ५ नंबर यांच्यात जेमतेम सातआठ यार्डांचा फरक पडतो आणि ५ नंबरचा चेंडू बुटकाही जातो, ती आयर्न बॅगेबाहेर काढा. तिच्या जागी तिच्यापेक्षा एकदोन अंश जास्त लॉफ्टचा हायब्रिड घ्या. हायब्रिडचा शाफ्ट तशाच आयर्नपेक्षा साधारण एक ते दीड इंच लांब असतो आणि चेंडू जास्त सहज उचलला जातो, त्यामुळे तोच लॉफ्ट घेतला तर तो आयर्नपेक्षा पाच-दहा यार्ड पुढे जाईल आणि वरच्या, म्हणजे आणखी लांब जाणाऱ्या, क्लबच्या अंतराशी टक्कर होईल. दोन हायब्रिड घेणार असाल तर त्यांच्यात ३ ते ४ अंशांचं अंतर ठेवा.

आणि हो, १६-१७ अंशांचा हायब्रिड बहुतेक हौशी खेळाडूंना उचलतच नाही. ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) स्विंगचा वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास असेल तर १९-२० अंशांच्या खाली जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. तिथे ७ नंबरचा फेअरवे वूड बरा.

शाफ्टचं गणित सोपं आहे, पण दुकानात कोणी सांगत नाही. हायब्रिडचं वजन तुमच्या फेअरवे वूड आणि आयर्न यांच्या मध्ये बसायला हवं. वूडचा शाफ्ट ६० ग्रॅमचा आणि आयर्नचा स्टील शाफ्ट १०० ग्रॅमचा असेल तर हायब्रिडला ७५ ते ८५ ग्रॅम. आयर्नही ग्राफाइटच्या हलक्या असतील तर ६५ च्या आसपास. हायब्रिड सतत डावीकडे का जातो याचं उत्तर कितीतरी वेळा इथेच मिळतं: स्टीलच्या आयर्नशी सवय झालेला हात ५५ ग्रॅमचा मऊ शाफ्ट घेऊन लवकर वळतो आणि फेस बंद होतो. मग माणूस स्लीव्ह फिरवत बसतो.

शाफ्ट बदलायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. हायब्रिडच्या शाफ्टचं टोक सहसा ०.३७० इंचाचं असतं, ड्रायव्हर आणि वूडचं ०.३३५ चं. म्हणून ड्रायव्हरची उरलेली स्लीव्ह हायब्रिडला चालेल असं धरून जुना माल घेऊ नका. कंपन्यांच्या स्लीव्हसुद्धा एकमेकांत बसत नाहीत, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्याही कधी कधी बसत नाहीत.

बहुतेक जण लायच्या मागे लागतात, आणि तिथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. लाय चुकल्याने चेंडू किती वाकडा जाईल हे लॉफ्टवर अवलंबून असतं. २० अंशांच्या हायब्रिडला लाय १ अंश चुकली तर दिशा जेमतेम ०.३६ अंश बदलते, १८० यार्डांवर एका यार्डाच्या आसपास. तीच चूक ४६ अंशांच्या पिचिंग वेजला (जवळच्या अंतराच्या क्लबला) साधारण पूर्ण अंशाची पडते. उलट फेस १ अंश उघडा किंवा बंद असेल तर १८० यार्डांवर नुसत्या रोखातच तीन यार्डांचा फरक येऊ शकतो, वर वळणं वेगळं. म्हणून हायब्रिडमध्ये लाय तपासा जरूर, पण तिच्यावर रात्री जागू नका.

तपासायचं कसं? व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला उभी जाड रेघ ओढा आणि ती फेसकडे येईल असा चेंडू ठेवा. गवतावरून मारा. फेसवर रेघेची छाप उमटते. क्लब नीट टेकवून ती उभी दिसली तर लाय बरोबर आहे. रेघेचं वरचं टोक टोच्या बाजूला, म्हणजे हेडच्या शाफ्टपासून लांबच्या टोकाकडे, झुकलं असेल तर चेंडू लागताना टो वर उचललेला होता आणि क्लब तुम्हाला जास्त उभा आहे. वरचं टोक हीलकडे, म्हणजे शाफ्टजवळच्या टोकाकडे, झुकलं तर उलटं. पाचसहा चेंडू मारा, एकावर भरवसा ठेवू नका. छाप कुठे उमटते तेही पाहा. सतत हीलकडे येत असेल तर आधी चेंडूपासून किती लांब उभे राहता ते तपासा. सेटिंगचा तिथे दोष नसतो.

आता नेहमीच्या तक्रारी. चेंडू बुटका आणि उजवीकडे जातो, तर लॉफ्ट एक खूण वाढवा, फेस बंद होईल आणि उंचीही मिळेल. एका बदलात दोन्ही कामं होतात. चेंडू उंच जातो, डावीकडे वळतो आणि समोरच्या वाऱ्यात फुगून पडतो, तर उलट, लॉफ्ट एक खूण कमी. अवघड जागा आहे बुटका आणि डावीकडे जाणाऱ्याची. त्याला उंची हवी म्हणून लॉफ्ट वाढवला की फेस आणखी बंद होतो आणि हुक (डावीकडे जोरात वळणं) बळावतो. त्याने हेडच जास्त लॉफ्टचं घ्यावं आणि स्लीव्हने उतरवावं, म्हणजे २१ अंश हवे असतील तर २२ चं हेड घेऊन एक अंश कमी करावा. लॉफ्ट तेवढाच राहतो आणि फेस उघडा मिळतो. उंच स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) मारणाऱ्याने हीच युक्ती उलटी वापरावी: २० हवे तर १९ चं हेड घेऊन एक अंश वाढवा.

एक अंशाने साधारण तीनचार यार्ड फरक पडतो. म्हणून दहा यार्डांची पोकळी स्लीव्हने भरून निघत नाही, तिथे वेगळं हेडच हवं.

रेंजवर एका वेळी एकच गोष्ट बदला. मूळ सेटिंगवर दहा चेंडू, सगळ्यात वाईट दोन वजा करा, उरलेल्यांची सुरुवातीची दिशा, वळण आणि उंची वहीत लिहा. मग एक खूण, आणि पुन्हा दहा. लाँच मॉनिटर (चेंडूचं उड्डाण मोजणारं यंत्र) मिळाला तर खाली उतरतानाचा कोन पाहा. तो ४५ अंशांच्या आसपास असेल तर चेंडू ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) थांबतो. बराच कमी असेल तर लांब अंतर दिसूनही तो ग्रीनच्या मागे घरंगळत जातो. मॅटवरचे आकडे मात्र फारसे खरे धरू नका. हायब्रिडचं रुंद बूड मॅटवर घसरतं आणि चेंडूच्या दोन इंच मागे जमिनीला लागलेला फॅट शॉटही चांगला दिसतो. गवतावर तोच शॉट ८० यार्डांत संपतो.

बूड म्हटल्यावर पावसाळा. कोर्सच्या पांडवकडा धबधब्याच्या बाजूला जून ते सप्टेंबर जमीन जी भिजते, तिथे लॉफ्ट कमी केलेला हायब्रिड नाक खुपसतो. फेस सरळ धरून लॉफ्ट उतरवला की पुढची कड खाली येते, बाउन्स (क्लबला जमिनीत रुतू न देणारा बुडाचा उतार) कमी होतो. पावसाळ्यात एक खूण वर ठेवलेली बरी. चेंडू पुढच्या पायाच्या टाचेच्या आत दीडदोन चेंडू ठेवा आणि आयर्नसारखा खाली, दोनतीन अंश, मारा. वर उचलून मारण्याचा मोह झाला की टॉप (चेंडूच्या डोक्यावर लागणारा फटका) ठरलेला. डोंगराच्या उतारावर चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जाईल. त्यासाठी निशाणा उजवीकडे घ्या, सेटिंगला हात लावू नका.

लावताही येत नाही. गोल्फचा नियम ४.१अ सांगतो की फेरी चालू असताना ॲडजस्ट करण्याची सोय वापरून मुद्दाम बदललेल्या क्लबने शॉट मारला तर स्पर्धेतून बाद. बदलला आणि मारण्याआधी पूर्ववत केला तर शिक्षा नाही. पाना गाडीतच ठेवलात तर हा प्रश्नच येत नाही.

शेवटी स्क्रू. बदलताना आधी होझलमधली वाळू आणि चिखल पुसा, नळीचे दात खाचांत पूर्ण बसले का ते पाहा, मग कंपनीचाच टॉर्क पाना लावून "टक्" आवाज येईपर्यंतच आवळा. हा पाना साधारण ४० इंच-पाउंडांवर सुटतो. ॲलन कीने जोर लावला की आटे जातात आणि नळी निकामी. चार-पाच फेऱ्यांनी एकदा तपासा. फटक्याला खडखड आवाज येत असेल तर आधी स्क्रू पाहा. पावसात खेळून आल्यावर हेड सोडवा, नळी आणि स्क्रू कोरडे करा, रात्रभर वेगळे ठेवा. बहुतेक स्लीव्हमध्ये शाफ्टही फिरतो, म्हणून ग्रिप गोल घ्या. खाली उंचवटा असलेल्या ग्रिपने बोटं नव्या जागी बसतात आणि बदल कशाचा झाला ते कळत नाही. आणि ठरलेलं सेटिंग ग्रिपखाली शाफ्टवर मास्किंग टेपच्या तुकड्यावर लिहून ठेवा. बॅग कॅडीने किंवा मित्राने साफ करून दिली की हमखास ते मूळ जागेवर गेलेलं असतं.