परतलेल्या कोरियनांच्या वस्त्यांत: व्हिसाचे बदलते नियम आणि पुढे जाणाऱ्यांसाठी माहिती

परदेशांतून दक्षिण कोरियात परतून काम करणाऱ्या कोरियन वंशाच्या माणसाला कोणता व्हिसा मिळणार, हे त्याचे पूर्वज कोणत्या काळात आणि कोणत्या दिशेने देशाबाहेर गेले यावर बराच काळ ठरत आले आहे. या नियमांचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो हे समजून घेण्यासाठी मी सोलमधील देरिम, आन्सानमधील वोन्गोक आणि ग्वांगजू शहरातील वोल्गोक या तीन वस्त्यांत हिंडलो. अभ्यासासाठी किंवा केवळ जिज्ञासेपोटी तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांना उपयोग व्हावा, म्हणून ही नोंद लिहीत आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी ठाऊक हवी. परदेशस्थ कोरियनांसाठी १९९९ मध्ये कायदा झाला, पण १९४८ साली दक्षिण कोरियाचे सरकार स्थापन होण्यापूर्वी देश सोडलेल्यांना त्यातून वगळले गेले. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्यांना सवलती मिळाल्या आणि गरिबीमुळे किंवा जपानी राजवटीमुळे मांचुरियात व रशियाच्या अतिपूर्व भागात गेलेल्यांचे वंशज बाहेर राहिले. हा भेद राज्यघटनेशी विसंगत असल्याचा निर्णय तेथील घटना न्यायालयाने २००१ मध्ये दिला आणि २००४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तरीही व्यवहारात दोन वाटा उरल्याच. परदेशस्थ कोरियनांचा ‘एफ-४’ व्हिसा नूतनीकरण करत राहता येतो, मात्र त्यावर अकुशल अंगमेहनतीची कामे करण्यास मनाई होती. चीन आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातील देशांमधून येणाऱ्यांसाठी २००७ मध्ये ‘एच-२’ हा कामाचा व्हिसा सुरू झाला. त्यावर कारखान्यात व बांधकामावर काम करता येई, पण मुदतवाढ धरूनही सलग मुक्काम ४ वर्षे १० महिन्यांपलीकडे जात नसे.

देरिमच्या बाजारात या दोन वाटांमधील अंतर भिंतीवर वाचायला मिळते. मेट्रोच्या १२ क्रमांकाच्या दारातून बाहेर पडल्यावर चिनी आणि कोरियन अशा दोन्ही लिप्यांतील पाट्या सुरू होतात. मटणाच्या सळ्या भाजणाऱ्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर व्हिसाची कागदपत्रे तयार करून देणाऱ्यांची कार्यालये आहेत आणि त्यांच्या काचांवर ‘एफ-४ मध्ये बदल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. शेजारीच तांत्रिक कौशल्याच्या परीक्षांचे शिकवणी वर्ग दिसतात. सरकारी कौशल्य प्रमाणपत्र मिळवले की ‘एच-२’वरून ‘एफ-४’वर जाता येत असे, म्हणून दिवसभर हॉटेलात भांडी घासणारी माणसे संध्याकाळी या वर्गांना बसत. ज्या कौशल्याचा उपयोग पुढे कधीच करायचा नाही, त्याची परीक्षा केवळ व्हिसासाठी द्यायला लावणे मला अन्यायकारक वाटते. पुढे २०२३ मध्ये उपाहारगृहे आणि निवासगृहांतील काही कामे ‘एफ-४’धारकांना खुली झाली, आणि तेव्हापासून धोरण दोन्ही परवान्यांमधील अंतर कमी करण्याच्या दिशेने चालले आहे.

ग्वांगजूचा अनुभव निराळा होता. वोल्गोकमध्ये राहणारे लोक स्वतःला ‘कोर्यो-साराम’ म्हणवतात. स्टालिनच्या आदेशाने १९३७ मध्ये सुमारे १ लाख ७२ हजार कोरियनांना रेल्वेगाड्यांत भरून कझाकस्तान व उझबेकिस्तानात पाठवले गेले, त्यांचे हे वंशज आहेत. त्यांची घरगुती भाषा रशियन झाली आहे, बेकरीत सामसा आणि गोल भाकरी मिळते, आणि गाजराच्या तिखट कोशिंबिरीत कोरियन किमचीची आठवण उरली आहे. कायद्याने ‘परदेशस्थ कोरियन’ ही ओळख तिसऱ्या पिढीपर्यंतच मानलेली असल्यामुळे, आईवडिलांबरोबर आलेल्या चौथ्या पिढीतील मुलांना वयात आल्यावर देश सोडण्याची पाळी येत असे. २०१९ मध्ये पिढ्यांची ही मर्यादा काढली गेली आणि २०२२ पासून चीन व मध्य आशियातून आलेल्या शाळकरी मुलांनाही ‘एफ-४’ मिळू लागला. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांना हा प्रश्न लगेच कळेल, कारण ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देत असलेले ओळखपत्र) सातव्या पिढीपर्यंतची विशेष तरतूद त्यांच्यासाठीही २०२४ मध्येच जाहीर झाली.

वंश सिद्ध करण्याचे काम मात्र आजही कष्टाचे आहे. चीनमधून येणाऱ्याला कुटुंब-नोंदणी पुस्तिकेतील वांशिक नोंद उपयोगी पडते. मध्य आशियातून येणाऱ्याला आजीआजोबांपर्यंतचे जन्मदाखले जोडावे लागतात, आणि सोव्हिएत काळातील रशियन दाखला व नंतरचा लॅटिन लिपीतील उझबेक पासपोर्ट यांत एकाच आडनावाचे वर्णलेखन वेगळे असल्यास खुलासा मागितला जातो. आपल्या ओळखीत कोणी अशा प्रक्रियेत असेल, तर दाखल्यांचे अपोस्टील (परदेशात कागदपत्र ग्राह्य धरले जावे म्हणून केलेले सरकारी प्रमाणीकरण) आणि चारित्र्य प्रमाणपत्र मायदेशातूनच करून आणण्यास आवर्जून सांगावे.

या वस्त्या पाहायला जाणाऱ्यांनी रविवार निवडावा. इतर दिवशी बहुतेक लोक कारखान्यांत असतात आणि गल्ल्या ओस दिसतात. आन्सानला मेट्रोच्या ४ क्रमांकाच्या मार्गाने थेट जाता येते. ग्वांगजूसाठी सोलच्या योंगसान स्थानकावरून जलदगती रेल्वेने ग्वांगजू-सोंगजोंगला उतरावे. प्रवास सुमारे दोन तासांचा आहे. पहाटे उठण्याची तयारी असेल, तर देरिमच्या पुढच्याच नामगुरो स्थानकाबाहेर रोजंदारीच्या कामासाठी जमणारी गर्दी पाहता येते. तिथे छायाचित्रे काढू नयेत आणि कोणालाही त्याचा व्हिसा विचारू नये, कारण मुदत संपलेल्या माणसासाठी हा प्रश्न धमकीसारखा असतो. वोल्गोकमध्ये तुटपुंजी रशियन इंग्रजीपेक्षा अधिक उपयोगी पडते, तर देरिममध्ये चिनी चालते.

भारतीय पारपत्रधारकांना कोरियासाठी आधी व्हिसा घ्यावा लागतो. व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी असलेली ऑनलाइन प्रवास-परवानगी आपल्याला लागू नाही, त्यामुळे तिचे शुल्क मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. नियमांविषयी जुन्या लेखांवर विसंबू नये; कोरियात असताना १३४५ या क्रमांकावर परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी केंद्रात अनेक भाषांतून चालू नियम विचारता येतात, आणि इमिग्रेशन कार्यालयात जायचे असल्यास भेटीची वेळ संकेतस्थळावर आधीच घ्यावी लागते.