वर्तणूक : चांगली

"मॅडम, तुम्हीच जावा आत. मी हितंच उभारतो."

शाळेच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडं चहाचा गाडा आहे. गोली त्या गाड्याच्या आडोशाला गेला तो तिथनं हलेना. सप्टेंबर २०२४, सकाळचे अकरा. त्याच्या हातात आईच्या सहीचा अर्ज होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घडी घातलेला. शाळा सोडल्याचा दाखला मागायची ही माझी तिसरी खेप. पहिल्यांदा रजिस्टर ज्यांच्या ताब्यात ते रजेवर होते. दुसऱ्यांदा सांगितलं, पालकांचा अर्ज आणा, मुलाला सोबत घेऊन या. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायची मुदत संपत आली होती आणि दाखल्याशिवाय तो फॉर्म पुढं सरकत नाही.

त्याचं खरं नाव इथं लिहीत नाही. कोल्हापुरातल्या एका पेठेच्या पोरांच्या संघात तो गोलकीपर, म्हणून सगळे त्याला गोलीच म्हणतात. वय १७. मी ज्या संस्थेत काम करते तिथं शाळा सुटलेल्या पोरापोरींसाठी तीन महिन्यांचे कोर्स चालतात. वेल्डिंग, वायरिंग, शिलाई. शिकवणारे वेगळे आहेत. पोरं शोधून आणायची, आलेली टिकवायची आणि जमलं तर त्यांना परत परीक्षेच्या वाटेला लावायचं, हे माझं काम. गोलीच्या वेल्डिंगच्या बॅचला १८ पोरं होती. महिन्याभरात आठ गळाली. आठांच्याही घरी मी गेले. परत आला तो एकटा गोली.

तो गळाला ते जॉब कार्डावरून. त्याआधी त्याचा हात सांगायला हवा.

वेल्डिंग शिकणाऱ्याचे पहिले आठ दिवस रॉड चिकटण्यातच जातात. रॉड प्लेटला टेकला की अडकतो, लालभडक होतो, पोरगं घाबरून होल्डर झटकतं. गोलीचा रॉड तिसऱ्याच दिवशी सुटा चालायला लागला. दहा नंबरचा रॉड, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, खाली सहा मिलिमीटरच्या दोन पट्ट्या, मशीनवर शंभर-एकशे दहा अँपिअर. त्यानं जॉब संपवला, हेल्मेट वर केलं आणि चिपिंग हॅमरनं स्लॅग टोकलं. ती काळी खपली एका लांब सालीसारखी निघून आली. खाली बीड, म्हणजे वेल्डची शिवण, होती, करंजीच्या काठाला मुरड घालावी तशी, एकसारखी, टोकापासून टोकापर्यंत. आमचे मिस्त्री सर उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, आयुष्य काढलेले. ते सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी तो जॉब पकडीनं उचलला आणि काही न बोलता बाकीच्या पोरांसमोर ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात जॉब कार्डं आली, केलेल्या कामाची नोंद लिहायची. नाव, तारीख, मटेरियल, जाडी, रॉड, करंट, लागलेला वेळ. जेमतेम अर्धं पान. गोलीनं कार्ड खिशात घातलं, जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेला आणि चार दिवस आलाच नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर गेले. हातमोजे काढत तो म्हणाला, "लिवायचं असलं तर मी न्हाई येत मॅडम. हातानं काय बी करतो." वाचता येत होतं त्याला, अडखळत का होईना. लिहायचं मात्र सुटलं होतं, तीन वर्षांपूर्वी.

तीन वर्षांपूर्वीचं त्यानं एकदम कधीच सांगितलं नाही, तुकड्या-तुकड्यानं आलं. २०२०-२१ चं ऑनलाइन शाळेचं वर्ष. हा आठवीत, बहीण दहावीत. घरात फोन एकच, तोही वडील टेम्पोवर घेऊन जायचे आणि संध्याकाळी आणायचे. संध्याकाळी फोन ताईला, कारण तिची दहावी. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं, त्यानंच ठरवलं. आणि त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागले. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट म्हणाला, "तिला चांगले मार्क पडले."

आठवीतून सगळ्यांना वर घातलं तसं त्यालाही नववीत घातलं. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं. त्यांची गल्ली अशी की गावात पूर यायच्या आधी तिथं येतो. पाणी ओसरल्यावर महिनाभर चिखल काढण्यात गेला. पुस्तकं लगदा झाली होती. मग कुणा ओळखीच्या कंत्राटदाराच्या हाताखाली तो एका फाउंड्रीत फेटलिंगला लागला. कास्टिंगवरची वाळू आणि कडा ग्राइंडरनं घासून काढायचं काम, धूळ थेट छातीत जाते. फाउंड्रीचं काम धोकादायक प्रक्रियेत येतं. अठराच्या आतल्या मुलाला तिथं लावायला कायद्यानं बंदी आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच. याचं वय तेव्हा १४. कुणी विचारलं नाही.

कार्डाचं काय करायचं, हा माझा प्रश्न होता. सरांशी बोलले. ते म्हणाले, सुताचं गणित घाला त्याला. आमच्याकडं फॅब्रिकेशनवाले अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. तीन सूत पट्टी, पाच सूत पाइप. मी कागदावर ३/८ लिहिलं तर गोली मान फिरवायचा. टेपवर तीन सुतांवर बोट ठेव म्हटलं की बोट अचूक पडायचं. मग टेपवरच्या त्या बोटाशेजारी ३/८ लिहायला लावलं. दोन दिवसांत अपूर्णांकाची बेरीज झाली, आणि ते गणित आहे हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं.

एकदा मी नदीचं उदाहरण दिलं. राजाराम बंधाऱ्याला काल पाणी ४६ फूट ४ इंच, आज ४५ फूट ९ इंच. किती उतरलं? वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर आलं, "सात इंच." मी थक्क झाले. चारातून नऊ जात नाहीत, फुटाकडून बारा इंच उसने घ्यावे लागतात, ही हातच्याची वजाबाकी त्याला शाळेत कधी जमली नव्हती म्हणे. इथं त्यानं ती डोळे न हलवता केली. "आमच्यात सगळ्यांला येतंय मॅडम. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. किती इंच चढलं त्यावर सामान कधी वर घालायचं ते ठरतंय." त्याच्या घराची कुठली पायरी किती फुटाला बुडते हे त्याला पाठ होतं. त्या दिवशी तारखेपासून करंटपर्यंत सगळं कार्ड त्यानं भरलं. 'मटेरियल' लिहिताना दोनदा खोडलं. दहावीचं मीच काढलं. तो नको म्हणाला नाही, विचार करतो म्हणाला, आणि आठवड्यानं आईच्या सहीचा अर्ज घेऊन आला.

तर तो अर्ज घेऊन आम्ही फाटकासमोर. येताना दसरा चौकातून चालत आलो होतो, शाहू महाराजांच्या पुतळ्यावरून. १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तो दंड वसूल करायला तरी कुणीतरी दारात जात असणार, असं मला नेहमी वाटतं.

मी गोलीला फार आग्रह केला नाही. फाटकातनं शिपायांनी आम्हाला बघितलं. पांढरे केस, खाकी पँट. त्यांनी हात केला आणि ओरडले, "अरे, उन्हात का उभारलायस? आत ये की." एवढंच. गोलीनं पिशवी छातीशी धरली आणि रस्ता ओलांडला.

ऑफिसात जनरल रजिस्टर निघालं. जाडजूड, कापडी पाठीचं, कडा काळवंडलेल्या. क्लार्कनी पानं उलटून नाव काढलं, बोटानं ओळ धरली आणि छापील दाखल्यावर उतरवायला सुरुवात केली. नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. गोली टेबलाच्या कडेला उभा राहून उलट बाजूनं वाचत होता, ओठ हलवत. इयत्ता नववी. शाळा सोडल्याचे कारण : सतत गैरहजर.

"बरोबर हाय," तो हळूच म्हणाला.

मला ते बरोबर वाटत नाही. तेव्हाही वाटलं नाही, आज लिहितानाही नाही. त्याचं घर शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. पूर ओसरला, शाळा उघडल्या, हजेरीत एका नावापुढं रोज 'गै' पडत गेला, आणि पंधरा मिनिटं चालून कुणी गेलं नाही. मी शिक्षकांना दोष देऊन मोकळी होत नाही. त्यांच्यामागं किती कामं लावलेली असतात ते मी जवळून बघते. पण पोरगं पहिल्या आठवड्यात दिसलं नाही तेव्हा जे पंधरा मिनिटांचं काम होतं, ते तीन वर्षांनी माझ्याकडं येतं तेव्हा महिनोन् महिन्यांचं झालेलं असतं. फोन ताईला दिला, हे कारण लिहायला त्या दाखल्यात रकाना नाही.

क्लार्क खालच्या ओळीवर आले. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली.

गोलीचे ओठ थांबले. त्यानं ती ओळ परत वाचली. मग सरळ विचारलं, "सर, हे कुणी सांगितलं?"

"काय?"

"वर्तणूक चांगली."

माझ्या पोटात गोळा आला. या कामात मी शेकड्यानं दाखले बघितलेत. चांगली हा शब्द बहुतेक सगळ्यांवर असतो, हात सवयीनं लिहून जातो. क्लार्कनी तसं म्हटलं असतं तर खोटं ठरलं नसतं. त्यांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"रजिस्टरात जे आहे तेच उतरवतो आम्ही," ते म्हणाले, आणि शिक्का मारला.

त्या माणसाचे मी मनापासून आभार मानते. आधीच्या दोन खेपांचा राग माझ्या मनातून तिथंच गेला.

बाहेर आल्यावर मी त्याला पुढचं सांगितलं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग कागद घेऊन संपर्क केंद्राच्या शाळेत जायचं, मूळ दाखला तिथं जमा करायचा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. दहावी निघाली तर पुढच्या वर्षी कळंब्याच्या आयटीआयला फिटरसाठी अर्ज करता येईल, दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो दुसऱ्याच गोष्टीवर अडकला होता.

"मूळ दाखला जमा करायचा? मग माझ्याकडं काय ऱ्हाणार?"

"झेरॉक्स काढू की."

कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदारानं कागद काचेवर ठेवला तेवढ्यात गोली म्हणाला, "रंगीत काढा."

"रंगीत कशाला रे? साधी चालते."

"शिक्का निळा हाय न्हवं."

पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत. दोन प्रती काढल्या. एक आईला, एक स्वतःला. मग मूळ दाखला काउंटरवर सपाट धरून मला म्हणाला, "मॅडम, एक फोटो काढा आणि ताईला पाठवा. नंबर सांगतो." बहीण आता बीकॉमला आहे, तिचा स्वतःचा फोन आहे. नंबर त्याला तोंडपाठ होता.

मी पूर्ण दाखल्याचा फोटो काढायला लागले तर त्यानं थांबवलं. रॉडच्या ठिणग्यांनी बारीक बारीक डाग पडलेला अंगठा खालच्या ओळीशेजारी टेकवला आणि म्हणाला, "हितला काढा."