गुडघा बरा झाला होता, मग कबड्डी का सोडलीत?

हा प्रश्न मला लग्नकार्यात विचारला गेला आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात विचारला गेला आहे, आणि पाठोपाठ ‘त्या कुस्तीगीर विनेश फोगाटकडे बघा’ हेही ऐकवले गेले आहे. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागलेल्या विनेशने २०१८ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकले, हे मला सांगावे लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर तिचे छायाचित्र माझ्या उशाशी होते. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, फाटल्यावर बऱ्याचदा मांडीमागची कंडरा काढून गुडघ्यात बसवतात. पुढच्या नऊ महिन्यांत मी एकही व्यायाम चुकवला नाही. एका पायावरच्या उडीत उजवा पाय डाव्याच्या बरोबरीला आला आणि खेळण्याची परवानगी मिळाली. मनाची तयारी जोखणारी बारा प्रश्नांची एक प्रश्नावलीही असते; ती २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तयार केली. माझ्यासमोर ती कोणी ठेवली नाही, आणि ठेवली असती तरी मी खोटीच उत्तरे दिली असती, कारण मला संघात जागा हवी होती.

दहाव्या महिन्यातल्या सरावसामन्यात माझी तिसरी चढाई होती. बोनस गुणासाठी उजवा पाय रेषेपलीकडे टाकला आणि डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला. ती आमच्याच संघातली, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी. तिची बोटे मोज्यावर आवळली गेली, गुडघ्याला किंचित पीळ बसला, माझा दम तुटता तुटता राहिला, आणि तेवढ्यात तिची पकड सुटली. मी मध्यरेषेला हात लावला. पंचांनी गुण दिला, मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मॅटवर बसून रडले. तिने माझ्या गुडघ्याची दया करून पाय सोडला, याविषयी मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

त्यानंतर मी पाय आत टाकेनाशी झाले. शिक्षक म्हणत, मन खंबीर कर. मी खंबीर नव्हते असे मला आजही मान्य नाही. शरीराने एकदा अनुभवलेली गोष्ट ते विसरत नसेल, तर त्याला भेकडपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र दोन महिन्यांतच किट आवरले, कोणाकडे मदत मागितली नाही, आणि ‘डॉक्टरांनी नको म्हटले’ असे घरी खोटे सांगितले, हेही खरे आहे. ती एकवीस वर्षांची मी असते, तर आणखी सहा महिने थांबले असते, असे कधी वाटते. आणि कधी वाटते की त्या सहा महिन्यांत दुसरा गुडघाही गेला असता.

आता मी मुलींना पकड शिकवते. घामाने मोजा भिजला की घोटा हातातून निसटतो, हे रोज पाहते. त्या दिवशीही मोजा भिजलेलाच होता. तिला मी अजून विचारलेले नाही.