लाट फुटत नव्हती तिथे

सप्टेंबरातली ती सकाळ डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

मी मूळचा मालवणचा. गेली नऊ वर्षं उत्तर कॅरोलिनातल्या आउटर बँक्सवर सर्फिंग शिकवतो. पुढे अटलांटिक, मागे पाम्लिको साउंडचं उथळ पाणी आणि मधे वाळूची चिंचोळी बेटं. इथे तळाला खडक नाही. लाट फुटते ती पाण्याखालच्या वाळूच्या बांधावर, आणि हा बांध एका जागी राहत नाही. वादळात वाळू आत ओढली जाते, शांत दिवसांत हळूहळू किनाऱ्याकडे परतते. गेल्या महिन्यात शिकलेला समुद्र या महिन्यात कामाला येत नाही.

पहाटे आधी डक गावाजवळच्या बॉयचे, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राचे आकडे बघायचे. नवखे उंची बघतात, मी सेकंद बघतो. त्या दिवशी उंची जेमतेम एक मीटर, पण एका लाटेमागून दुसरी यायला 14 सेकंद. जवळच्या वाऱ्याच्या लाटा सात-आठ सेकंदांच्या असतात. 14 म्हणजे दूर समुद्रात चक्रीवादळ. ही लाट खोलवरचं पाणी हलवत येते आणि बांधावर चढताच उंच होते. शिवाय ती घोळक्याने येते. मधली दहा मिनिटं समुद्र तळ्यासारखा पडलेला असतो. वर निरभ्र आकाश.

वाळूच्या टेकाडावर उभं राहून मी अर्धा तास पाणी वाचलं. साधारणपणे लाट स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते. त्यामुळे फेस कुठे उठतो ते बघितलं की तळाचा नकाशा कळतो. बांधात वीसेक मीटरची खिंड होती. तिथलं पाणी गडद, वरून चुरगळलेलं, आणि फेसाचे तुकडे समुद्राकडे चाललेले. लाटा बांधावरून किनाऱ्याकडे टाकतात ते पाणी त्या खिंडीतून परत जातं. ओहोटी लागली की बांधावर पाणी उरत नाही आणि ओढ वाढते. बोर्डवाल्याला मात्र तो आयता रस्ता. हात फारसे न मारता माणूस लाटांच्या पलीकडे पोचतो.

तीन विद्यार्थी होते, बांधापलीकडे पहिल्यांदाच जाणारे. मी हात करून मोठ्याने सांगितलं, "पांढऱ्या पाण्यात शिरू नका. लाट फुटत नाही, तिथून आत जायचं." माझ्या शिकवण्यातलं हे सर्वात नेमकं वाक्य, असं मी मानत आलो. शेजारी टॉवेल पसरून एक गृहस्थ आणि त्यांची दहाएक वर्षांची मुलगी बसली होती. मला ती दिसली होती.

बांधापलीकडून वळून बघितलं तर खिंडीत दोन डोकी. बोर्ड नाही. वडील सरळ किनाऱ्याकडे पोहत होते, सगळे तेच करतात, आणि मागे मागे येत होते. मुलगी गळ्याला घट्ट धरून. विद्यार्थ्यांना "जागचे हलू नका" म्हणून ओरडलो आणि निघालो. मुलीला बोर्डवर घेतलं, वडिलांना मागची कड धरायला लावली. किनाऱ्याकडे वळलोच नाही. आडवा उत्तरेला गेलो, बांधावर, फेसात. तेवढ्यात घोळका आला आणि दुसऱ्या लाटेने आम्हाला उथळात आणून टाकलं.

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथे लाटा फुटत नाहीत, असं तुम्हीच सांगत होतात ना?" आवाजात तक्रार नव्हती.

सोबतचा शिक्षक म्हणतो, धडा बोर्डवाल्यांसाठी होता, तुझा काय दोष? मला ते पटत नाही. किनाऱ्यावर कान सगळ्यांनाच असतात. लेबर डे, म्हणजे सप्टेंबरातला पहिला सोमवार, झाला की या किनारपट्टीवर जीवरक्षकांच्या बऱ्याच खुर्च्या उठतात, आणि वादळांचा हंगाम ऐन भरात येतो तो त्यानंतर. वाटेवरच्या फलकांवर ही ओढ आकाशातून बघितल्यासारखी काढलेली असते. वाळूत उभ्या माणसाला ती तशी कधीच दिसत नाही, त्याला दिसतं ते शांत पाणी. आणि त्या तिघांना बांधापलीकडे एकटं सोडलं, हेही माझ्याच हिशेबात आहे.

आता ते वाक्य मी पाण्याच्या कडेला, हळू बोलतो. त्याआधी आजूबाजूच्यांकडे जाऊन खिंड बोटाने दाखवतो आणि सांगतो, इथे उतरू नका. काही जण वैतागतात.

पुढच्या आठवड्यात बघितलं तर ती खिंड बुजली होती. तिथे लाट फुटत होती आणि मुलं कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारत होती. नवी खिंड साठ पावलं दक्षिणेला. तिच्यासमोर कुणीतरी छत्री रोवत होतं. मी तिकडे चालू लागलो.