उणे अर्धा मीटर बर्फ

भाताच्या रोवणीचे दिवस होते. आमचं गाव साकोलीच्या पुढे. घरात रेंज नाही, म्हणून मी लॅपटॉप घेऊन मामा तलावाच्या, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीवर बसायची. मागे तलाव, समोर पाण्यानं भरलेल्या भाताच्या बांध्या, आणि पडद्यावर आर्क्टिकमधला ब्यूफोर्ट समुद्र.

माझं काम समुद्रावरच्या बर्फाची जाडी काढण्याचं. युरोपचा क्रायोसॅट-2 उपग्रह 2010 पासून सुमारे 717 किलोमीटर उंचीवरून रडारचे स्पंद खाली सोडतोय. स्पंद परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खालच्या पृष्ठभागाची उंची निघते. पण जाडी काही थेट दिसत नाही. पाण्यावर डोकावतो तो बर्फाचा जेमतेम नववा-दहावा हिस्सा, बाकी सगळं बुडालेलं. त्यामुळे वरच्या भागात एक सेंटिमीटर चुकलं की जाडीत जवळपास दहा सेंटिमीटर चुकतं. आणि ही उंची मोजायची ती बर्फाच्या भेगांत उघड्या पडलेल्या समुद्रापासून. शांत पाणी आरशासारखं, त्याचा प्रतिध्वनी टोकदार येतो. खडबडीत बर्फाचा पसरट. टोकदार दिसला की भेग समजायची, हा हिवाळ्यातला माझा भरवशाचा नियम.

त्या दिवशी मी एका जुन्या जुलैचा डेटा चालवला होता. एका पट्ट्यात जाडी आली उणे अर्धा मीटर. एखादा आकडा उणे येतो, त्यात नवल नाही. मोजणीत तेवढा गोंगाट असतोच, सरासरीत तो जिरतो. पण इथे सलग साठ किलोमीटर बर्फ समुद्राच्या पातळीखाली! सकाळभर मी घनतेचे आकडे तपासले, भरती-ओहोटीची दुरुस्ती तपासली, सगळं पुन्हा चालवलं. उत्तर तेच. संध्याकाळपर्यंत निकाल पाठवायचा होता आणि मला खरंच रडू येत होतं.

दुपारी पाऊस थांबला, ऊन पडलं. बाबा चिखलाच्या पायांनी पाळीवर येऊन टेकले.

"काय झालं वो बाई?"

मी सांगितलं. चमकतं ते पाणी, आणि तीच समुद्राची पातळी, असं मी धरलं होतं. बाबांनी हात लांब केला. समोर एकीखाली एक उतरत गेलेल्या बांध्या, मधे मातीचे धुरे, आणि उन्हात सगळ्या सारख्याच लखलखत होत्या. मागे तलावही तसाच.

"चमकते त सारंच. पण वरच्या बांधीतलं पाणी आन् खालच्या बांधीतलं पाणी एका पातळीत हाये का?"

मी उठून उभी राहिले. जुलैमध्ये आर्क्टिकचा बर्फ वरून वितळतो आणि ते पाणी बर्फावरच्या खोलगट जागांत साचून तळी होतात. तीही आरशासारखी चमकतात, पण समुद्रापेक्षा उंचावर असतात, वरच्या बांधीसारखी. मी जाड बर्फावरच्या त्या तळ्यांना भेगा धरलं होतं. शून्य, म्हणजे समुद्राची धरलेली पातळीच, पंचवीसेक सेंटिमीटर वर गेलं, म्हणून वीस सेंटिमीटर वर आलेला आजूबाजूचा पातळ बर्फ पाच सेंटिमीटर खाली दिसत होता. नवा-दहाने गुणलं की उणे अर्धा मीटर. उन्हाळ्यातली जाडी काढायला लोकांना 2022 उजाडलं ते याचमुळे. तळं कोणतं आणि भेग कोणती हे संगणकाला शिकवावं लागलं. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी हिवाळ्याचा नियम जुलैला तसाच लावून मोकळी झाले.

सेंटिनेल-2 या छायाचित्रं घेणाऱ्या उपग्रहाचं त्याच दिवसाचं छायाचित्र उतरवायला पाऊण तास लागला. पांढऱ्या बर्फावर फिकट निळे ठिपकेच ठिपके. भेगेचं पाणी काळंभोर असतं. ते साठ किलोमीटरांत एकाच ठिकाणी दिसलं.

एका भेगेवर साठ किलोमीटरचं शून्य टेकवणं मला पटेना. तेवढा पट्टा मी रिकामा ठेवला, कारण लिहिलं आणि फाईल पाठवली. खाली बाबा धुरा फोडून वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत सोडत होते.